घरटी एक चिंचोका

माझ्यावर सर्वांत अधिक उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर आईवडिलांच्याही आधी माझ्या तोंडी आबांचे नाव येते. आईवडील हयात होते तेव्हा त्यांनाही हे ठाऊक होते आणि त्यांनी त्याचा कधी राग मानला नाही. आबा आमच्या नात्यातले नव्हते. मी गावच्या शाळेतून सातवीची फायनल पास झालो, तेव्हा वडील मला शेतात घेणार होते. त्यांचेही चुकत नव्हते, घरात दुसरे हात नव्हते. आबा एक दिवस ओट्यावर येऊन बसले आणि वडिलांना म्हणाले, "पोऱ्या धुळाले जाई. तुन्ही निंदनी-खुरपनी अडनी ते मन्हा मानसे येतीन." आणि ती माणसे खरोखर येत राहिली, मी धुळ्याची शाळा आणि जळगावचे कॉलेज पुरे करीपर्यंत.

आबा फडाचे मुख्य पंच होते. आमचे गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तेव्हा त्या भागाला पश्चिम खानदेश म्हणत. नदीवर जुना दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखाली भिजणाऱ्या जमिनीचे चार मोठे तुकडे. या तुकड्यांना फड म्हणतात. एका फडात त्या वर्षी एकच पीक, मग जमीन कोणाचीही असो. पाणी द्यायचे काम पाटकऱ्याचे. मालकाने स्वतःचे दार उघडायचे नाही, बंद करायचे नाही. कोणत्या फडात कोणते पीक, हे दर वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास ठरे आणि ते पाच पंच ठरवीत. पंच गावानेच निवडलेले असत. चिठ्ठ्या, पेट्या असे काही नसे. लोक म्हणत, हा असू द्या, तो असू द्या, आणि ते पंच होत.

मूळ रचना अशी होती की प्रत्येक घराची थोडी थोडी जमीन चारही फडांत असावी. म्हणजे पाणी कमी पडले तर सगळ्यांचेच थोडे थोडे जाई, एकट्याचे सगळे जात नसे. पण वाटण्या झाल्या, अडीअडचणीला जमिनी विकल्या गेल्या आणि काही घरांची जमीन एकाच फडात उरली. आमची अशीच, शेवटच्या फडात, जिथे पाटाचे पाणी संपते. पाणी पोहोचले तर गहू, नाही पोहोचले तर नुसते ढेकूळ.

मी बी.ए.ची परीक्षा देऊन गावी आलो ते १९५७ चे वर्ष. निवडणूक नुकतीच होऊन गेली होती आणि गावात अजून तिच्याच गप्पा होत्या. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चित्र, आपला कागद आपल्याला हव्या त्या पेटीत टाकायचा. म्हातारी माणसेसुद्धा मोठ्या अभिमानाने सांगत, आत कोणी नव्हते, मी आणि पेटीच. माझा विषय राज्यशास्त्र होता. निकाल लागायचा होता, नोकरी लागायची होती आणि डोक्यात पुस्तके ताजी होती. अशा वेळी फडाची बैठक आली.

बैठक मारुतीच्या देवळापुढे निंबाखाली भरे. तिची एक रीत होती, जी मी पुढे कोणत्याही सभेत पाहिली नाही. ज्याला ठराव मान्य नसेल तो उभा राही. त्याने भाषण केलेच पाहिजे असे नव्हते, नुसते उभे राहायचे. जोवर एकही माणूस उभा आहे तोवर पंचांनी नारळ फोडायचा नाही आणि नारळ फुटल्याशिवाय ठराव पक्का नाही. बहुतेक वर्षी कोणी उभे राहतच नसे. राहिलेच तर थोडी ओढाताण होई, काही सोडले जाई, काही धरले जाई आणि तो माणूस बसे.

त्या वर्षी नानांनी विषय काढला. नाना चारही फडांत जमीन असलेले मोठे खातेदार आणि पाचांतले एक पंच. त्यांचे स्वतःचे गुऱ्हाळ होते. बोलायला मोकळे, हसायला मोकळे.

"गूळले आते भाव शे," ते म्हणाले. "आपन एक फड ऊस लावतस. औंदा दोन लावूत. बठ्ठा गावना फायदा शे."

माझे वडील मागे बसले होते. त्यांना सगळे भाऊ म्हणत. ‘सगळ्या गावाचा’ हे ऐकताच ते उठून उभे राहिले.

"बठ्ठा गाव म्हंजे कोन, नाना? पाटनं पानी जठे सरस तठे मन्हं वावर शे. दोन फड उसले पानी गयं ते मन्हा गव्हाले काय उरी?"

"मंग गहू नको पेरू. हरभरा पेर."

"तुन्हं वावर चारी फडमा शे. तुन्हा एक घास कमी व्हई. मन्हं ताटच जाई."

नानांनी पुष्कळ समजावले. गुऱ्हाळावर काम मिळेल, उसाचे वाढे गुरांना मिळतील, बाहेरचे व्यापारी गावात येतील. यातले काही खोटे नव्हते. शेवटच्या फडातली आणखी काही माणसे वडिलांबरोबर उभी राहिली होती. ती एकेक करून बसली. वडील बसले नाहीत. ऊन वर आले तशी सावली सरकली आणि वडील उन्हात आले. पण उभ्या माणसाने जागा सोडायची नसते, म्हणून ते तिथेच राहिले. कोणीतरी त्यांना पाण्याचा तांब्या नेऊन दिला.

"भाऊ, बठी जाय," नाना म्हणाले. "निंबले भी तुन्ही दया येई ऱ्हायनी."

"निंबले काय," वडील म्हणाले, "त्याले पाटनं पानी लागत नही."

सगळे हसले, नानाही हसले. पण वडील उभेच राहिले आणि त्या दिवशी नारळ न फोडता बैठक उठली. असे आमच्या कोणाच्या आठवणीत झाले नव्हते.

परत येताना आबांनी मला बरोबर घेतले. चालता चालता ते म्हणाले, पाचांपैकी तिघे उसाकडे आहेत. उद्या आम्ही पंचांनी म्हटले की आमचे ठरले, तर गाव ऐकेल. पण उभ्या माणसाच्या डोक्यावरून नारळ फोडला, तर पुढच्या साली उभे कोण राहील? आणि नाही ठरवले, तर पाऊस तोंडावर येईल, लोक मनास येईल ते पेरतील आणि फड मोडेल.

मी म्हणालो, "आबा, सार्वमत घ्या."

त्यांना हा शब्द नवा नव्हता. आबा चौथी शिकलेले होते आणि धुळ्याहून येणारे वर्तमानपत्र ते नेमाने वाचत. जुनागडला लोकांचे मत घेतले होते तेव्हा त्यांनी ती बातमी चावडीवर मोठ्याने वाचून दाखवली होती. मीही तिथे होतो.

"ते राज्यनं व्हतं," ते म्हणाले. "हाई वावरनं शे. आन मंग माले पंच काब्र कयं? गावनी निवाडं, ते मी इचार करासाठे. मीच गावले इचारत बसनू ते मन्हं काम काय?"

परीक्षेत या प्रश्नाला, म्हणजे निवडलेल्यांनी ठरवायचे की निवडणाऱ्यांना विचारायचे याला, मी दोन पाने उत्तर लिहून आलो होतो. आबांना ते मी साध्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. रोजची कामे निवडलेल्या माणसांनी करावीत, त्यासाठी दर वेळी गाव गोळा करू नये. पण ज्याने सगळ्यांचे जगणे बदलेल आणि ज्यात निवडलेल्या माणसांचाच स्वार्थ गुंतला असेल, तिथे मूळ मालकाला विचारावे. गावाने पंचांना अधिकार दिला असला तरी मालक गावच आहे.

स्वार्थाचा शब्द निघाल्यावर मी थबकलो, कारण आबांची बरीच जमीन वरच्या दोन फडांत होती.

आबा रागावले नाहीत. म्हणाले, "ऊस व्हयना ते मन्हं भलंच शे. म्हनीसनच माले एकल्याले ठरावनं नही." आणि पुढे विचारले, "पन लोकेसनी ऊस सांगा ते तुन्हा बापनं काय व्हई? तू हाऊ इचार कया का?"

मी केला होता. माझा विश्वास होता की गाव गव्हाच्या बाजूने उभे राहील. आणि नाही राहिले, तर निदान वडिलांना कळेल की हे तीन पंचांनी नव्हे, सगळ्या गावाने सांगितले. मी तसे बोललो. आबा म्हणाले, "दखू."

दुसऱ्या दिवसापासून गावात दुसरा विषय नव्हता. पहिला वाद मत कोणाला यावरच झाला. नाना म्हणाले, ज्याची जितकी जमीन त्याची तितकी मते, पाणी जमीन पिते, माणूस नाही. वडील म्हणाले, भाकर माणूस खातो. कोणी म्हणाले, मोठ्या निवडणुकीसारखे प्रत्येक माणसाला एक. त्यावर ओट्यावरच्या एका म्हाताऱ्याने विचारले की आखाजीला माहेरी आलेल्या पोरींना द्यायचे का, त्या इथेही टाकतील आणि सासरी जाऊन तिथेही टाकतील. शेवटी आबांनी तोडगा काढला. चूल मोजायची. जिच्यावर रोज भात-भाकर होते त्या प्रत्येक चुलीला एक मत, मग तिच्याभोवती दोन माणसे बसोत की वीस.

कागद नको असे ठरले. लिहिता-वाचता येणारे थोडे, आणि कागदाची घडी कोणी ओळखली तर उद्या भांडण. चिंचोके घ्यायचे ठरले. पण चिंचोके प्रत्येक घरात मडके भरून असतात, कोणीही मूठभर आणून टाकील. म्हणून आबांनी आपल्या घरी चिंचोके गेरूत रंगवून वाळवले आणि पाटावर राखण करणाऱ्या जागल्याच्या हातून घरटी एक वाटले. घासलेटचे दोन डबे स्वच्छ केले, वर भोक पाडले. शाळेच्या मास्तरांनी एकावर उसाचे बेट काढले, दुसऱ्यावर गव्हाची लोंबी. ऊस चांगला साधला होता. लोंबी पाहून नाना म्हणाले, "हाई लोंबी शे का गोम? मास्तरेसनं मत आते माले कळनं." मास्तरांनी ती पुसून पुन्हा काढली.

दिवस आखाजीचा धरला, कारण त्या दिवशी गावातला माणूस गावातच असतो. आमच्याकडे या सणाला दिवाळीहून अधिक मान. झाडाझाडांना झोके, गौराईची गाणी, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. आणि पुरुषांचे पत्ते. एरवी पत्त्याला हात न लावणारा माणूससुद्धा आखाजीला डावावर बसतो, त्याला त्या दिवशी कोणी बोलत नाही. हे आम्हा सगळ्यांना जन्मापासून माहीत होते. तरी दिवस ठरवताना आबांच्या, माझ्या, नानांच्या, कोणाच्याच लक्षात आले नाही की पत्ते टाकून चिंचोका टाकायला कोण येणार?

शाळेच्या खोलीत डबे ठेवले होते. दाराशी मी आणि जागल्या. एका वेळी एक माणूस आत. सकाळी वडील सर्वांत आधी आले, आत गेले, बाहेर आले आणि माझ्याकडे न पाहता निघून गेले. मास्तर आले, आबा आले. शेवटच्या फडातली माणसे आली. त्यानंतर रस्त्याने बायका येऊ लागल्या. नव्या लुगड्याच्या पदरात एकेक तांबडा चिंचोका बांधलेला.

सगळ्यांत पुढे अक्का होत्या. अक्का म्हणजे नानांच्या थोरल्या भावाची विधवा. घर एकत्र, चूल एक आणि चुलीचा कारभार त्यांच्याकडे. नानासुद्धा त्यांच्या शब्दाबाहेर जात नसत, म्हणजे घरात जात नसत. शेतात त्यांना कोणी विचारत नव्हते.

मी म्हणालो, "अक्का, नाना कुठे?"

"नाना चावडीमा. राजा-रानीसले दखी ऱ्हायना. माले सांगं, चिंचोका टाकी ये, उसमा टाक."

"पण मत नानांचं—"

"मत चूलनं शे ना? आबानी तशी दवंडी दिधी. मंग चूल कोनी शे, तूच सांग."

जागल्या माझ्याकडे पाहून हसत होता. नियमात कोण येणार हे लिहिलेलेच नव्हते. मी बाजूला झालो. अक्का आत गेल्या आणि जरा जास्तच वेळ आत राहिल्या. त्यांच्या मागोमाग आलेल्याही तशाच. आतून कसलातरी बारीक आवाज येत होता, पण आत डोकावायचे नाही हा नियम मीच केला होता.

डबे दुसऱ्या दिवशी सकाळी निंबाखाली, सगळ्यांसमोर उघडले. आबांनी घोंगडीवर आधी उसाचा डबा उपडा केला, मग गव्हाचा. दोन्ही ढिगांत अख्खे चिंचोके होते आणि दोन्ही ढिगांत अर्धेही होते. फोडलेले, बाहेरून तांबडे, आतून पांढरे. किती तरी अर्धे. कोणी घरूनच अडकित्त्याने फोडून आणले होते, कोणी आत खिडकीच्या दगडावर ठेचले होते. अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे.

सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण हा कारभार मी आणला होता. मी म्हणालो, अर्धे बाद. निवडणुकीत फाटलेला कागद बाद होतो तसे. नाना म्हणाले, "बाद करा का धरा, दोन्हीकडे सारखाच शेतस. पुरा मोजा."

ते बरोबर होते. अर्धे धरले काय, टाकले काय, हिशेब अख्ख्यांवरच येणार होता. अख्खे मोजले. उसाचा ढीग उघड मोठा होता.

मी वडिलांकडे पाहिले. ते उभे नव्हते. मागे, पहिल्या दिवशी बसले होते तिथेच बसले होते आणि जमिनीकडे बघत होते. नानांनी काही टोमणा मारला नाही, हे मला आजही आठवते. ते नारळाकडे बघत होते.

आबांनी नारळ उचलला नाही. ते म्हणाले, "ऊस जिकना. ते आते कोन्ही बदलू नही, मी भी नही. पन हाई अर्धासनं काय? अर्धा कोनी टाकात, ते माले इचारनं नही. काब्र टाकात, ते कोन्हले सांगनं व्हई ते सांगा."

बायका देवळाच्या भिंतीकडे बसल्या होत्या. बैठकीत त्या बसत, पण बोलत नसत. तिथून अक्कांचा आवाज आला.

"मी टाका. त्यामा काय चोरी शे?"

नानांनी मान वळवली.

"नानानी सांगं, ऊस. ते भी खरं शे, घरमा पैसा येवाले पाहिजे. पन मी तीस मानसेसना सैपाक करस. उसना पैसा येस तो तुम्हना खिसामा येस, मन्हा कोठीमा गहू येत नही. गुऱ्हाळ व्हयनं का पाव्हना वाढतस, दाना कमी व्हतस. अर्धा तुन्हा उसले दिधा, अर्धा मन्ही कोठीले. तुन्हं भी ऐकं, मन्हं भी ऐकं."

मागून कोणीतरी म्हणाले, "नाना, घरमाच फूट पडनी." हशा झाला. नाना डोके खाजवत म्हणाले, "मी पत्तासमा भी हारनू आन अठे भी अर्धा हारनू." मग आणखी दोघी-तिघी बोलल्या आणि त्यांच्यानंतर एक पुरुषही. त्याच्या घरात दोन भाऊ, एकाला ऊस हवा, एकाला नको आणि चिंचोका एकच. भांडण नको म्हणून फोडला. माझ्या पुस्तकात हो आणि नाही यांच्यासाठी दोन रकाने होते. एका मताचे दोन तुकडे करून दोन्ही रकान्यांत टाकणाऱ्या मतदाराबद्दल त्यात काही नव्हते.

पण मला एक गोष्ट दिसली आणि तिचा आनंद लपवता येत नव्हता. ही माणसे इतक्या वर्षांत कधी उभी राहिली नव्हती. अक्का नानांसमोर उभ्या राहिल्या नसत्या, धाकटा भाऊ थोरल्यासमोर राहिला नसता. उभे राहायला हिंमत लागते आणि ती वडिलांसारख्या एखाद्यात असते. डब्यापाशी, कोणी बघत नसताना, सगळ्यांनी आपले मन सांगितले होते. ते मला न कळणाऱ्या रीतीने सांगितले, एवढेच.

आबा म्हणाले, "आपन इचारं, ऊस का गहू. ऊस, हाई कळनं. पन कितला ऊस, आन पानी कोन्हं कमी करनं, हाई आपन इचारंच नही. ते डबा सांगाव नही. ते आम्हले पंचेसले बसीसन ठरावनं पडी. आन ठरावं ते आम्हना नावखाल. उद्या गावनी माले इचारनं, डबाले नही."

पंच देवळाच्या ओवरीत बसले. दुपारपर्यंत बाहेर आवाज येत होते, त्यांत नानांचा मोठा. मी दूरच राहिलो. तिथे माझे काम नव्हते. पाटकऱ्याला दोनदा आत बोलावून नदी कोणत्या महिन्यात किती चालते ते विचारले. नंतर सगळ्यांना पुन्हा बसवून आबांनी सांगितले. ऊस दुसऱ्या फडातही लागेल, पण अर्ध्या फडात. उरलेल्या अर्ध्यात गहू. शेवटच्या फडाला तेवढ्याने गव्हाचे पाणी पुरणार नाही, म्हणून तिथे हरभरा होईल आणि त्याच्या एका पाण्याची हमी पंचांची. आणि ज्यांची जमीन फक्त शेवटच्या फडात आहे, त्यांना दुसऱ्या फडाच्या गव्हातली एकेक पट्टी या वर्षापुरती पेरायला मिळेल. ती पट्टी ज्यांचा ऊस वाढला त्यांनी द्यायची. पहिली आबा देतील, दुसरी नाना.

"माले इचारीसन सांगी ऱ्हायनात का?" नाना म्हणाले, पण ते ओवरीतून हे ठरवूनच बाहेर आले होते.

"उभा कोन शे?" आबांनी विचारले.

वडील उठले. मला वाटले, आता पुन्हा सगळे मोडले.

"मन्हं इतलंच इचारनं शे," ते म्हणाले. "पट्टी एक सालनी. मंग पुढला साल? ऊस तठेच ऱ्हाई आन पट्टी जाई, आसं व्हवाले नको."

"पुढला आखाजीले बठ्ठं नवं," आबा म्हणाले. "ऊस भी नवा, पट्टी भी नवी. पुन्हा इचारसूत."

वडील खाली बसले आणि आबांनी नारळ फोडला.

पुढे बी.ए.चा निकाल चांगला लागला आणि मला रावेरला शाळेत नोकरी मिळाली. जळगावच्या पलीकडचा, सातपुड्याजवळचा, केळीचा मुलूख. तिथली बोलीही आमच्याहून वेगळी आणि पहिले काही महिने मुले माझ्या बोलण्यावर हसत. घरची पत्रे मास्तरांच्या हातची येत. फाल्गुनात आबांचे स्वतःच्या हातचे पत्र आले. त्यात त्यांनी एक गोष्ट विचारली होती. गावाला डब्याची गोडी लागली होती. नवा पाटकरी नेमायचा, तर लोक म्हणत डबा ठेवा. बंधाऱ्याच्या दगडाची दुरुस्ती आधी की पाटाचा गाळ आधी, तर डबा ठेवा. पंचांना काही ठरवूच देत नव्हते. आबांनी लिहिले होते, तू आणलेस, आता कुठवर न्यायचे तेही तू सांग. मी त्यांना उत्तर पाठवले. त्याची नक्कल मी तेव्हा ठेवली होती, ती खाली देतो.

तीर्थस्वरूप आबांस,
साष्टांग नमस्कार.

आपले पत्र पोहोचले. हरभरा चांगला आला, आणि आपल्या पट्टीतला गहू वडिलांनी घरी आणला, हे वाचून मला किती बरे वाटले ते लिहिता येत नाही. शेवटच्या फडाला हमीचे पाणी द्यायला आपण स्वतः पाटावर उभे राहिलात, असे मास्तरांनी कळवले.

आपण विचारले त्याबद्दल मी पुष्कळ विचार केला. पाटकरी नेमण्यासाठी डबा ठेवू नये असे मला वाटते. तो नीट काम करतो की नाही हे पंचांनी रोज पाहायचे असते. नेमणूक डब्याने झाली, तर तो चुकल्यावर जाब कोणाला विचारणार? गाळ आणि दगडाचेही तसेच. ज्याचे काम त्याने करावे, गावाने वर्षाच्या शेवटी हिशेब मागावा आणि पटले नाही तर पंच बदलावेत. दर गोष्ट गावावर टाकली, तर पंच गावाच्या मागे लपतील. आपण लपणार नाही, पण आपल्यानंतर येणारा लपेल.

पण ज्या गोष्टीने एकाचे पाणी दुसऱ्याकडे जाते, ती गावाला विचारल्याशिवाय करू नये. विचारताना मात्र, ज्यांचे पाणी जाणार आहे त्यांच्याकडून प्रश्न आधी तयार करून घ्यावा, मग तो गावापुढे ठेवावा. मागच्या वेळी प्रश्न आपण आणि मी केला होता, आणि त्यात वडिलांचे पाणी कुठेच नव्हते.

आणखी एक मागणी आहे. चूल मोजायची हे त्या वेळी योग्यच होते, दुसऱ्या कशावर गाव एक झाले नसते. पण एका चुलीत किती मते असतात ते आता सर्वांनी पाहिले आहे. सरकारच्या निवडणुकीत प्रत्येक प्रौढ पुरुषाला आणि बाईला वेगळे मत आहे आणि गाव त्याला सरावले आहे. येत्या आखाजीला तसेच करता आले तर पाहावे. नानांचा विरोध होईल. त्यांच्याशी आधी अक्कांनी बोलावे, असे सुचवतो.

मला शाळेच्या परीक्षांमुळे आखाजीला येता येणार नाही. आमच्या घरात मागच्या वेळी मत वडिलांनी टाकले. आईला काय वाटत होते ते त्यांनी विचारले नाही, आणि राज्यशास्त्र शिकून आलेल्या मीही विचारले नाही. या खेपेला चूलच धरायची असेल, तर आमच्या चुलीचे मत आईने टाकावे असे मी वडिलांना लिहिले आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही. आपण त्यांच्या ओट्यावर जाऊन एकदा बसाल का? आपण बसलात की ते ऐकतात.

माझ्या आईस व आपल्या घरच्या सर्वांस नमस्कार सांगावा. प्रकृतीस जपावे.

आपला आज्ञाधारक